एका गोळीतले १३० परार्ध

गाजरगवताचं एक झाड सरासरी ६२ कोटी ४० लाख परागकण तयार करतं. बंगळूरच्या कांचन आणि जयचंद्र या संशोधकांनी १९८० च्या सुमारास हा आकडा मांडला आणि तेव्हापासून गाजरगवतावर लिहिणारा प्रत्येक जण तो देत आला आहे. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ भरली. एकाच झाडाचे परागकण जिल्ह्यात सारखे वाटले, तर तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला ५२० येतील. अशी झाडं किती, ते विचारू नका. पावसाळा सरताना भंडाऱ्याहून तुमसरकडे निघा. रस्त्याची कड, मामा (माजी मालगुजारी) तलावांची पाळ, शाळेमागचं मोकळं आवार, जिथे नांगर आणि गुरं दोन्ही फिरत नाहीत तिथे सगळीकडे तीच पांढरी बारीक फुलं. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत भरलेलं हे गवत आज सगळ्या देशात पसरलं आहे.

यातला प्रत्येक कण उडत नाही. गाजरगवताचे परागकण सहाशे ते आठशेंचे पुंजके करून राहतात आणि बरेचसे झाडाच्या आसपासच पडतात. पण जे हवेत राहतात, त्यांतले काही थेट उघड्या डोळ्यात जातात. कण १५-२० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून मोठा नाही. डोळ्यातल्या पाण्यात तो भिजला की त्यातली प्रथिनं बाहेर येतात आणि ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याचे डोळे खाजू लागतात, लाल होतात, पाझरतात. मग तो माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि दोन-तीन रुपयांची एक छोटी पांढरी गोळी घेतो. सेटिरिझिन, १० मिलिग्रॅम.

ती गोळी डोळ्याच्या खाजेवर खरंच चालते का आणि चालते हे ठरवतात कसं, एवढाच माझा प्रश्न होता. त्याच्यामागे लागलो आणि आकड्यांच्या जंगलात शिरलो.

गोळीपासून सुरुवात करू. १० मिलिग्रॅम सेटिरिझिन डायहायड्रोक्लोराइडमध्ये रेणू किती? रेणुभार ४६१.८ धरून भागाकार केला की उत्तर येतं १३ वर १८ शून्यं. या आकड्याला आपल्याकडे नाव उरत नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक, दश, शत करत जी यादी जाते ती परार्धावर संपते, म्हणजे एकावर १७ शून्यांवर. गोळीत असे १३० परार्ध आहेत. बाराव्या शतकातल्या गणित्यानं जिथे मोजणी थांबवली, त्याच्या १३० पट माल आपण घोटभर पाण्याबरोबर गिळतो.

आता समोरचा पक्ष. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतल्या बाजूला जो पातळ पडदा असतो, त्यात मास्ट पेशी दबा धरून असतात. एका डोळ्याच्या आणि त्याच्या आसपासच्या ऊतींत अशा सुमारे ५ कोटी पेशी असाव्यात, असा अंदाज नेत्रवैद्यकाच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतो. दोन डोळ्यांच्या मिळून १० कोटी. महाराष्ट्राची २०११ ची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, म्हणजे जवळपास एक महाराष्ट्र तुमच्या दोन पापण्यांआड बसलेला आहे.

प्रत्येक मास्ट पेशीत खाज आणणारं हिस्टामिन भरलेलं असतं आणि परागकणांतली प्रथिनं भेटली की पेशी फुटून ते बाहेर पडतं. पेशीमागे ते तीनेक पिकोग्रॅम धरू. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतकं कमी की मनात भरत नाही, पण रेणूंत मोजलं की एका पेशीत हिस्टामिनचे सुमारे १६ अब्ज रेणू निघतात. पृथ्वीवर जितकी माणसं, त्याच्या जवळजवळ दुप्पट, एका पेशीत. एका डोळ्यातल्या सगळ्या पेशी एकाच वेळी फुटल्या, तर ८ परार्ध रेणू बाहेर पडतील. तशा त्या सगळ्या कधी फुटत नाहीत, पण कमाल मर्यादा कळावी म्हणून हा हिशेब.

म्हणजे दोन डोळ्यांचं मिळून १६ परार्ध हिस्टामिन आणि गोळीत १३० परार्ध औषध. आठास एक. कागदावर गोळीनं लढाई जिंकलेली दिसते.

पण गोळीला डोळ्याचा पत्ता ठाऊक नसतो. ती पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात जाते आणि रक्त तिला पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत सगळीकडे फिरवतं. रोज एक गोळी घेणाऱ्याच्या रक्तद्रवात तासाभरानं सेटिरिझिनची पातळी सर्वांत वर जाते, तेव्हा ती मिलिलिटरमागे सरासरी ३११ नॅनोग्रॅम असते. शरीरात रक्तद्रव तीन लिटरच्या घरात, म्हणजे दहातलं जेमतेम एक मिलिग्रॅम त्या घडीला रक्तात आहे. त्यातलंही ९३ टक्के रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतं, कामाला मोकळं राहतं ते ७ टक्के. बाकीचं औषध कातडीत, स्नायूंत, मूत्रपिंडात. साधारण आठ तासांत रक्तातली पातळी निम्मी होते आणि गोळीतला मोठा वाटा शेवटी लघवीतून निघून जातो.

एवढी गळती होऊनही गोळी कुचकामी ठरत नाही, हे मला सगळ्यांत नवलाचं वाटतं. मोकळ्या राहिलेल्या ७ टक्क्यांचा हिशेब केला, तर रक्तद्रवाच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढ्या थेंबात, ३४ अब्ज रेणू मोकळे फिरत असतात. हिस्टामिन ज्या कुलपात किल्लीसारखं बसतं, त्या एच-वन रिसेप्टरला हे रेणू बंद अवस्थेत धरून ठेवतात. कातडीवर हिस्टामिन टोचून गांधी उठते का, हे पाहणाऱ्या चाचण्यांत सेटिरिझिनचा परिणाम निम्म्या लोकांत २० मिनिटांत आणि ९५ टक्के लोकांत तासाभरात दिसू लागतो आणि दिवसभर टिकतो.

आता तेच औषध थेंबाच्या रूपात घ्या. अमेरिकेत २०१७ मध्ये सेटिरिझिनचे डोळ्यात घालायचे थेंब मंजूर झाले. प्रमाण ०.२४ टक्के, म्हणजे मिलिलिटरला २४ लाख नॅनोग्रॅम. रक्तात ३११ आणि थेंबात २४ लाख, ७,७०० पटींचा फरक. आणि एका थेंबात औषध किती? ०.१ मिलिग्रॅम. एका गोळीत असे शंभर थेंब बसतील. शंभरावा हिस्सा माल, पण जागेवर पोचताना हजारो पट दाट.

थेंबही उधळाच असतो, हे सांगायला हवं. डोळ्यात अश्रूंचं पाणी असतं सुमारे ७ मायक्रोलिटर. बाटलीतून पडणारा थेंब ४० मायक्रोलिटरच्या आसपास. डोळा कसाबसा ३० मायक्रोलिटर धरून ठेवतो, म्हणजे उरलेलं गालावर. त्यातही मिनिटाला अश्रूंचा सुमारे सहावा भाग बदलतो, पापण्यांची उघडझाप चालू असते आणि औषध नाकात उतरणाऱ्या नळीनं वाहून जातं. ढोबळ हिशेबानं अर्ध्या तासानंतर अश्रूंत हजारातले पाच भाग उरतात. गंमत अशी की ते उरलेसुरले पाच भागही गोळीमुळे रक्तात येणाऱ्या सर्वोच्च पातळीच्या चाळीसेक पट असतात.

हे सगळं गणित कागदावरचं. औषधं कागदावर पास होत नाहीत, माणसांवर पास व्हावी लागतात. आणि इथे मोजायची वस्तू आहे खाज. खाज मोजायला ना तापमापक, ना वजनकाटा. ती मोजणारा एकच, ज्याचा डोळा खाजतोय तो.

अमेरिकन नेत्रतज्ज्ञ मार्क एबलसन यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९९० मध्ये यासाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. ज्याला परागकणांची अ‍ॅलर्जी आहे हे ठाऊक आहे, अशा धडधाकट माणसाला खुर्चीत बसवायचं. त्या वेळी त्याचे डोळे शांत असले पाहिजेत. मग परागकणांचा अर्क अगदी पातळ करून डोळ्यात टाकायचा. काही झालं नाही तर दुप्पट दाट. पुन्हा दुप्पट. डोळा ठरलेल्या पातळीपर्यंत लाल होऊन खाजू लागला की थांबायचं आणि तो डोस टिपून ठेवायचा. काही दिवसांनी पुन्हा बोलावून तोच डोस, प्रतिक्रिया तशीच येते ना, ते पडताळायला. त्यानंतरच्या खेपेला आधी औषध किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं हुबेहूब सोंग, आणि मग तोच अर्क. तीन, पाच आणि सात मिनिटांनी माणसानं खाजेला ० ते ४ यांत गुण द्यायचे, अर्ध्या-अर्ध्या पायऱ्यांनी. शून्य म्हणजे काहीच नाही. चार म्हणजे डोळा चोळल्याशिवाय राहवत नाही, पण चोळायची परवानगी नाही.

परार्धांच्या घरातल्या रेणूंचा हा सगळा गदारोळ शेवटी नऊ पायऱ्यांच्या एका शिडीवर येऊन ठेपतो. औषध आणि प्लासिबो यांच्यात पूर्ण एका गुणाचा फरक पडला, तर तो रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात.

थेंबाची चाचणी घेताना एक सोय असते. एका डोळ्यात औषध आणि दुसऱ्यात प्लासिबो टाकता येतं, माणूस स्वतःशीच तुलना करतो. गोळीला ही सोय नाही, कारण ती दोन्ही डोळ्यांत जाते. मग माणसांचे गट पाडावे लागतात आणि एका माणसाची खाज दुसऱ्याच्या खाजेशी ताडावी लागते. तुमचे दोन गुण आणि माझे दोन गुण सारखेच, हे कोण सांगणार? त्यावर उतारा एकच, माणसं वाढवायची. किती वाढवायची, याचा एक ढोबळ नियम संख्याशास्त्रज्ञ तोंडपाठ ठेवतात. माणसामाणसांतला चढउतार एका गुणाचा असेल आणि शोधायचा फरकही एका गुणाचा असेल, तर गटाला १६ जण पुरतात. फरक अर्ध्या गुणाचा असेल तर ६४. पाव गुणाचा असेल तर २५६. दहाव्या भागाचा असेल तर १,६००, म्हणजे दोन गटांचे मिळून ३,२००. फरक निम्मा झाला की माणसं चौपट. डोळ्यांवर थेंब जोरात आणि गोळी हळू काम करते, म्हणून गोळीचा गुण पकडायला जास्त माणसं लागतात. गोळीच्या चाचण्या महाग का पडतात, त्याचं अर्धं उत्तर या चौपटीत आहे.

गोळी विरुद्ध थेंब असा सामना लावायचा झाला तर आणखी पंचाईत. गोळी घेणाऱ्याला आपण गोळी घेतली हे कळतंच. म्हणून एका गटाला खरी गोळी आणि खोटा थेंब, दुसऱ्याला खोटी गोळी आणि खरा थेंब, तिसऱ्याला दोन्ही खरे, चौथ्याला दोन्ही खोटे. खोट्या थेंबात औषध नसलं तरी तो डोळा धुतोच आणि परागकण पातळ करतोच. म्हणजे प्लासिबोही थोडं काम करून जातो आणि खऱ्या औषधाला त्या थोड्याच्या वर उठून दिसावं लागतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत किटोटिफेनचे थेंब आणि डेसलोराटाडिनची गोळी याच खुर्चीत समोरासमोर आली आणि डोळ्याच्या खाजेवर थेंब सरस ठरले. त्याआधी २००१ मध्ये सगळ्यांना लोराटाडिनची गोळी देऊन काहींना वर ओलोपाटाडिनचे थेंब दिले होते. ज्यांना थेंब मिळाले त्यांच्या डोळ्यांना जास्त आराम पडला. फक्त थेंबांच्या औषधांवर कॉक्रेन गटानं २०१५ मध्ये घेतलेल्या आढाव्यात ३० चाचण्या होत्या आणि सगळ्या मिळून माणसं ४,३४४. भंडारा जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या अर्धा टक्काही नाही. एवढ्या लोकांच्या बळावर साऱ्या जगाच्या डोळ्यांत काय टाकायचं ते ठरतं.

खुर्चीला दुसरा पर्याय म्हणजे खोली. व्हिएन्नात एक बंद दालन आहे, त्यात गवताचे परागकण घनमीटरला १,५०० या ठरलेल्या प्रमाणात तासन् तास खेळवतात. कॅनडातल्या किंग्स्टनला क्वीन्स विद्यापीठाचं तसंच दालन आहे, तिथे रॅगवीडचे परागकण घनमीटरला ३,५०० च्या आसपास ठेवतात. लोक आत बसून राहतात, ठरावीक वेळानं नाकाचे आणि डोळ्यांचे गुण लिहितात, मग गोळी घेतात आणि पुन्हा लिहितात. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साडेसात लिटर हवा ओढतो असं धरलं, तर किंग्स्टनच्या दालनात तासाला दीड हजारांवर परागकण त्याच्या श्वासातून जातात.

किंग्स्टनचं भंडाऱ्याशी काय नातं? रॅगवीड आणि आपलं गाजरगवत एकाच कुळातले भाऊबंद. दोघांच्या परागकणांतली प्रथिनं इतकी सारखी की एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याचं शरीर दुसऱ्यालाही ओळखतं, हे बंगळूरच्याच संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवलं. आता पुन्हा आपल्या त्या एका झाडाकडे या. त्याचे ६२ कोटी परागकण किंग्स्टनच्या प्रमाणात हवेत पसरायचे म्हटले, तर १ लाख ७८ हजार घनमीटर हवा लागेल. बारा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या ४,३०० हून जास्त खोल्या. एका झाडाला.

भंडाऱ्याची हवा मात्र नुसत्या गाजरगवताची नाही. हा धानाचा जिल्हा. धानाच्या एका फुलात सहा परागकोश, प्रत्येकात हजाराच्या आसपास कण. चौरस मीटरमध्ये तीनशे लोंब्या आणि लोंबीला शंभर फुलं धरली, तर १८ कोटी, एकराला ७३ हजार कोटी. धान स्वतःच स्वतःला फळवतो, त्यामुळे यातले फार थोडे बांधाबाहेर जातात, एवढाच दिलासा. आणि मग दिवाळीच्या आगेमागे पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे रचलेले ढीग, सुटतात, थ्रेशर लागतो. पेंढी आत सरकवणारा माणूस पाहा. डोक्याला आणि नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, उघडे फक्त डोळे, पापण्यांच्या केसांवर पिवळट भुसा साचलेला. तो मनगटाच्या मागच्या बाजूनं डोळे पुसतो, कारण तळवा कुसळांनी भरलेला असतो. त्याचे डोळेही लालच, त्यातूनही पाणीच वाहतं. पण त्यात किती परागकण, किती बुरशीचे बीजाणू, किती नुसतं तूस? तुसानं ओरखडलेल्या डोळ्यात हिस्टामिनची भानगड नसते आणि तिथे १३० परार्ध काय, हजार परार्ध रेणू ओतले तरी उपयोग नाही. अशा डोळ्याला स्वच्छ पाणी आणि चष्मा लागतो. प्रयोगशाळेत निव्वळ परागकणांचा अर्क वापरतात तो यासाठीच. शेतात घेतलेली चाचणी थ्रेशरच्या धुरळ्यात हरवून जाते.

असा त्रास किती जणांना असतो? ‘आयझॅक’ या जागतिक पाहणीनं १९९० च्या दशकात ५६ देशांतल्या १५५ केंद्रांवर १३-१४ वर्षांच्या ४,६३,८०१ मुलांना प्रश्नावली दिली. केंद्रांच्या यादीत पुणे होतं, बोरिवली होतं, गोव्यातलं ओर्ली होतं आणि विदर्भातलं अकोलाही होतं. सर्दी नसताना नाक वाहतं का आणि बरोबर डोळे खाजून पाणी येतं का, असं विचारलं होतं. वर्षभरात हे दोन्ही झालेल्या मुलांचं प्रमाण कुठे १.४ टक्के, कुठे ३९.७ टक्के. मुलांचे आकडे सगळ्या जिल्ह्याला लावणं शास्त्रशुद्ध नाही, तरी आवाका कळावा म्हणून लावून पाहिले. खालच्या टोकाला भंडारा जिल्ह्यात १६,८०० माणसं, वरच्या टोकाला ४ लाख ७६ हजार. दर पाचांतली दोन माणसं की गावातली मोजकी चार घरं, इतकी ही दरी आहे.

गोळीची किंमतही मोजून झालेली आहे. जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात मेंदूचे पेट स्कॅन काढून पाहिलं, की अ‍ॅलर्जीच्या गोळ्या मेंदूतले किती एच-वन रिसेप्टर अडवतात. जुन्या क्लोरफेनिरामिनचा २ मिलिग्रॅमचा डोस निम्म्याच्या आसपास अडवतो, सेटिरिझिनचे १० मिलिग्रॅम साधारण १३ टक्के, फेक्सोफेनाडिन जवळपास शून्य. म्हणून सर्दीची जुनी गोळी घेतली की झापड येते. हार्वेस्टर किंवा ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवावा. शिवाय धडधाकट लोकांना लोराटाडिन देऊन घेतलेल्या चाचण्यांत अश्रू कमी झालेले दिसले. अश्रू कमी, म्हणजे परागकण धुऊन काढणारं पाणीच कमी. डोळ्यासाठी घेतलेली गोळी डोळ्यालाच कोरडं पाडू शकते.

माझा कौल असा. नाक, घसा आणि डोळे एकदम त्रास देत असतील तर गोळी योग्य, तिच्या १३० परार्धांना सगळीकडे काम मिळतं. त्रास फक्त डोळ्यांचा असेल तर थेंब सरस आहेत. चिपडं येऊन पापण्या चिकटत असतील तर ती अ‍ॅलर्जी नसून बहुधा २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर आली तसली डोळ्यांची साथ असेल, तिथे या दोहोंचा उपयोग नाही. आणि एक कळकळीची विनंती. जुन्या चिठ्ठीवर किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दुकानातून डोळ्यांचे थेंब आणू नका. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. त्यानं खाज झटपट थांबते, पण महिनोन् महिने घातल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. खाजणाऱ्या डोळ्यांच्या लहान मुलांना असे थेंब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकदाही घालू नका.